घर तारण ठेवून परदेशी शिकायला जावं का? जतच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जत तालुक्याच्या पूर्व भागातली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली मुलगी. वय २३, बी.एस्सी. ॲग्री झालेली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात 'आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि विकास' या विषयाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्ती नाही. फी, राहणं, व्हिसा धरून ३४ लाख खर्च. तिचे वडील, आप्पा, घर तारण ठेवायला तयार आहेत. दुसरीकडे जतमध्येच पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत २२ हजारांची नोकरी समोर आहे. मामा म्हणतात, जग एकमेकांच्या उरावर बसलंय आणि ही सहकार्य शिकायला निघाली. तिने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे क्षेत्र संपलं का, जाऊ का, आणि गेले तर काय शिकू?

पोरी, आधी पैशाचं बोलते. ३४ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला ४६ हजारांच्या घरात जातो, आणि यात शिक्षण चालू असतानाचं व्याज धरलेलंच नाही. भारतात परत येऊन या क्षेत्रात पहिली नोकरी धरणारी मुलं मला भेटतात, त्यांचे पगार ४० ते ५० हजारांच्या आसपास असतात. म्हणजे पगार आला की हप्त्यात गेला. तिकडेच राहून फेडीन म्हणशील, तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटनमध्ये पदवीनंतर राहायला दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. तेवढ्या वेळात याच क्षेत्रात काम मिळेल असं आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, म्हणून आप्पांनी घराचं नाव काढलं असणार. त्या घरावर बोजा चढवून या वर्षी जाऊ नकोस. शिकायचं मात्र नक्की आहे, आणि ते कसं, हे सांगायलाच मी हे एवढं लांब लिहिते आहे.

क्षेत्राची अवस्था लपवण्यात अर्थ नाही. १९६१ साली सुरू झालेली अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था २०२५ च्या जानेवारीत आधी ९० दिवसांच्या स्थगितीत गेली, मार्चपर्यंत तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलैला ती बंदच झाली. ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातला मदतीचा वाटा ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने २०२५ मध्येच सुमारे ३,५०० पदं कमी केली. माझ्याबरोबर वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं आज घरी बसून अर्ज लिहितायत. मी स्वतः ज्या प्रकल्पाला सल्ला देत होते तो एका पत्राने थांबला; खेड्यातल्या ज्या बायकांना आम्ही पाण्याची तपासणी शिकवत होतो त्यांना निरोपसुद्धा नीट देता आला नाही. त्याचं दुःख अजून आहे.

पण हे पहिल्यांदा घडत नाहीये. सांगलीच्या वालचंद कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग करून मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पाण्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायच्या तयारीत होते तेव्हा, १९९८ च्या मे महिन्यात, पोखरणच्या चाचण्या झाल्या. जपानसह अनेक देशांनी भारताला द्यायची नवी मदत थांबवली. माझे वडीलही तेव्हा तुझ्या मामांसारखंच बोलत होते. शिकून आले, एका छोट्या युरोपीय देशाच्या पैशावर चालणाऱ्या नळपाणी योजनेत लागले, आणि २००३ च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने सांगितलं की लहान देशांची थेट मदत आता आम्हाला नको. सरकारचा निर्णय स्वाभिमानाचा होता, माझी नोकरी मात्र गेली. त्या वेळी ज्यांना फक्त 'प्रकल्प अहवाल' लिहिता येत होते ते या क्षेत्रातून कायमचे बाहेर पडले. ज्यांना पाइपलाइनचा उतार काढता येत होता, विहिरींची नोंद ठेवता येत होती, ग्रामसभेत चार तास बसून निर्णय घडवून आणता येत होता, त्यांना सहा महिन्यांत काम मिळालं. मी तेव्हापासून एकच गोष्ट धरून आहे: पैसा कुणाचाही असो, तो जातो, हातातली विद्या मात्र आपल्यापाशी राहते.

याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण नगर जिल्ह्यात आहे. जर्मन सरकारचा पैसा नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेमार्फत आणून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम चालला. गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. पुढे नाबार्डने १९९९ च्या सुमारास पाणलोट विकास निधी उभा केला आणि हीच शिस्त भारतीय पैशावर इतर राज्यांत गेली. तुला जतमध्ये जी नोकरी मिळते आहे ती बहुधा याच परंपरेतली असेल.

आता सहकार्य म्हणजे काय, यावर जरा थांबते, कारण तुझ्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात तो शब्द फार गोड दिसतो. मी तो २००८ साली कोसी नदीवर शिकले. कोसीचा करार भारत आणि नेपाळमध्ये १९५४ साली झाला. तटबंधाचा काही भाग नेपाळच्या हद्दीत, पण त्याची देखभाल भारताने करायची, अशी मांडणी. १८ ऑगस्ट २००८ ला कुसहा इथे तो तटबंध फुटला. महापूर नव्हता, ज्या विसर्गासाठी तो बांधला होता त्याच्या पाव भागाहूनही कमी पाणी नदीत होतं. नदीने आपली वाट बदलली आणि बिहारमधली लाखो माणसं पुरात सापडली. मी काही आठवड्यांनी तिथे पोचले. एका शाळेच्या गच्चीवर राहणाऱ्या म्हाताऱ्याने मला विचारलं, बांध एका देशात, दुरुस्ती करणारा दुसऱ्या देशात, तर खचलेली माती दिसल्यावर मी कुणाला हाक मारायची? करारात त्याचं उत्तर नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी दोन राजधान्यांनी सही केली होती, पण रोज सकाळी बांधावरून चालत जाणाऱ्या माणसाची नोंद दोन्ही बाजूंना पोचण्याची सोय कुणी लावली नव्हती. देशादेशांमधलं सहकार्य टिकतं ते अशा देखभालीवर. एकमेकांवर भरवसा नसलेल्या दोन बाजूंनी रोजचा आकडा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाला देत राहणं, यालाच मी सहकार्य म्हणते.

आणि हे समजायला तुला इंग्लंडपर्यंत जावं लागत नाही. सांगलीत पावसाळ्यात चहाच्या गाड्यावरसुद्धा माणसं दोन आकडे बोलतात: आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडालेला होता आणि मी वरच्या मजल्यावरून ओळखीच्या अभियंत्यांना फोन लावत होते. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, तिकडच्याच हिप्परगी बंधाऱ्यात काय आहे, प्रत्येकाकडे वेगळा आकडा. अलमट्टीमुळे पूर येतो की नाही यावर आपल्याकडे अजून भांडण आहे आणि मी त्यात इथे शिरत नाही. पण दोन राज्यांमध्ये विसर्गाची माहिती तासातासाला मिळत राहणं किती मोलाचं आहे, हे त्या आठवड्यात अख्ख्या सांगलीला कळलं. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि नदीपातळी आपोआप कळवणारी जी यंत्रणा आज आहे, ती जागतिक बँकेच्या पैशावरच्या हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात उभी राहिली, आणि पूर व धरणांच्या विसर्गाचा अंदाज बांधणारं प्रारूप डेन्मार्कच्या एका जलसंशोधन संस्थेने आपल्या जलसंपदा खात्याबरोबर बसून केलं. आपल्या नदीत आंतरराष्ट्रीय सहकार्य असं वाहतं, फक्त त्याला कुणी ते नाव देत नाही.

तू तर त्याहून पुढच्या जागी उभी आहेस. तुझ्या भागातल्या गावांना कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जवळ आहे आणि आपल्या म्हैसाळचं लांब. ते पाणी जतला घ्यायचं आणि त्या बदल्यात उन्हाळ्यात कोयना-वारणेचं पाणी कर्नाटकाला द्यायचं, अशी चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. २०२२ च्या अखेरीला जतच्या गावांवरून केवढा गदारोळ झाला तो तू घरातून पाहिला आहेस. पाणी मोजायचं कुठे, दुष्काळात कुणी आधी कपात सोसायची, मीटर बिघडला तर कुणाचा आकडा धरायचा: सिंधू कराराला १९६० साली जागतिक बँकेच्या मध्यस्थीने ज्या जातीची उत्तरं शोधावी लागली, त्याच जातीचे हे प्रश्न आहेत. तुला मराठी येतं, कानडी येतं, शेती येते. डेल्फ्टला माझ्या वर्गात नाईल आणि मेकाँगच्या काठची मुलं होती; त्यांच्यातली जी पुढे खरोखर उपयोगी पडली ती सगळी अशीच, हद्दीवरच्या गावांतली, दोन भाषांत भांडण ऐकत वाढलेली.

म्हणून मामांना माझ्याकडून एवढं सांग. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही जग दोन तटांत विभागलेलं होतं. तरी युनेस्कोने तज्ज्ञांची समिती पाठवली आणि धरणातलं पाणी व भूकंप यांचा संबंध तपासला गेला. आज कराडजवळ त्याच प्रश्नासाठी खोल छिद्रं घेऊन संशोधन चाललं आहे. जग भांडतं तेव्हाही नद्या वाहतात, भूकंप होतात, आणि त्याची मोजमापं कुणाला तरी एकत्र बसून करावीच लागतात. उलट आत्ताच माणसं लागणार आहेत. सिंधू करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर स्थगित ठेवला. बांगलादेशबरोबरचा गंगा पाणीवाटपाचा करार १९९६ चा, तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. राजकीय निर्णय दिल्ली, ढाका आणि इस्लामाबादला व्हायचे ते होतील, पण मसुदा लिहायला बसेल त्याला गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यापाशी दर दहा दिवसांचा प्रवाह वाचता यायला हवा.

पाणीच कर असंही मी म्हणत नाही. तू कृषी पदवीधर आहेस, तर एक दार सहसा कुणी दाखवत नाही ते दाखवते. आपली मुलं सहकार्य म्हणजे मदतनिधी आणि मदतकार्य एवढंच समजतात. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे. तासगाव-पलूसच्या कितीतरी बागायतदारांचं वर्ष गेलं. अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम कोडेक्स नावाची संस्था ठरवते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती १९६३ मध्ये सुरू केली. तिची मसाल्यांसाठीची समिती २०१३ पासून भारताच्या यजमानपदाखाली चालते, आणि २०२४ मध्ये कोचीला झालेल्या बैठकीत हळदीचं मानक पक्कं झालं. हळद! सांगलीच्या मार्केट यार्डात जिचे सौदे निघतात तीच. ओलावा किती, रंगद्रव्य किती, भेसळ कशी धरायची, हे शब्द टेबलावर बसून ठरतात आणि त्या टेबलावर शेतातून आलेली माणसं फार कमी असतात. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. असे करार वाचून शेतकऱ्यांच्या कंपनीला त्यातलं कलम समजावून देणारा माणूस मला सांगली जिल्ह्यात शोधूनही चटकन सापडत नाही. यासाठी मदतनिधीची वाट बघावी लागत नाही, कारण इथे पगार व्यापारातून येतो.

भारताची स्वतःची बाजूही बघ. १९६४ पासून आपण आयटेक या सरकारी कार्यक्रमामार्फत दुसऱ्या देशांच्या माणसांना प्रशिक्षण देतो, परराष्ट्र खात्यात २०१२ पासून विकास भागीदारीचा वेगळा विभाग आहे, एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकेत पाणी आणि विजेच्या कामांना कर्ज जातं, आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची सीडीआरआय ही संस्था २०१९ पासून दिल्लीतून चालते. मी विद्यार्थिनी असताना भारतीय माणूस या वर्गात 'मदत घेणाऱ्या देशातला' म्हणून बसायचा. तू बसशील तेव्हा दोन्ही बाजूंची म्हणून बसशील.

आता काय करायचं ते. जतची नोकरी घे. २२ हजार कमी आहेत, मला कळतं, पण घरून जा-ये होईल आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांचा अनुभव जमा होईल. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती किमान दोन वर्षांच्या अनुभवाशिवाय मिळत नाही, आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी असलेली चालत नाही. तू त्या खिडकीत बरोबर बसतेस. ब्रिटनची चेव्हनिंगही दोन वर्षांचा अनुभव मागते आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट घालते, जी तुझ्यासारखीला अडचण नसून सोय आहे. युरोपातल्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांना अनुभवाची सक्ती नसते आणि शिष्यवृत्तीत महिना १,४०० युरो मिळतात, तर तिथे याच वर्षी अर्ज टाक. पाण्यातच राहायचं असेल तर डेल्फ्टच्या संस्थेने अमेरिकेतलं ओरेगन राज्य विद्यापीठ आणि कोस्टारिकाचं शांतता विद्यापीठ यांच्याबरोबर जलसहकार्य आणि जलराजनय यावर मिळून एक अभ्यासक्रम केला होता. त्याचे विषय नजरेखालून घाल, म्हणजे चांगला अभ्यासक्रम कसा दिसतो ते कळेल. घरच्या जवळ टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूर केंद्र आहे, दिल्लीत सार्क देशांनी काढलेलं दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे जिथे शेजारच्या देशांतली मुलं वर्गात शेजारी बसतात. हे पर्याय दुय्यम समजू नकोस.

कुठलाही अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाचं नाव नंतर बघ, आधी वेळापत्रक उघड. त्यात सांख्यिकी किंवा नकाशाशास्त्र आहे का? कराराचा मूळ मजकूर वाचायला लावतात का, की फक्त त्यावरचे लेख? वाटाघाटीचा सराव आहे का? प्रत्यक्ष क्षेत्रकाम किती आठवड्यांचं? तू पाठवलेल्या इंग्लंडच्या अभ्यासक्रमात मला यातलं एकही दिसलं नाही. सगळे पेपर 'विकासाचे सिद्धांत' आणि 'जागतिक व्यवस्थेतील बदल' यांवर. वाचायला छानच आहेत ते, पण त्यासाठी घर गहाण पडू नये.

जतच्या संस्थेत रुजू होण्याआधी एक गोष्ट विचारून घे: पैसा कुठून येतो, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून (सीएसआर), सरकारी योजनेतून की परदेशी देणगीतून? परदेशी असेल तर २०२० च्या कायदाबदलानंतर एका संस्थेला मिळालेली देणगी दुसरीकडे वळवता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. लहान संस्थांचे पगार यात अडकतात. विचारायला लाजू नकोस.

आणि या दोन वर्षांत रोज थोडं असं काहीतरी कर जे पुढे कुणी काढून घेऊ शकणार नाही. बचावत लवादाचा कृष्णेवरचा निवाडा वाच. १९६९ ला लवाद नेमला, १९७३ ला निर्णय आला, आपल्या पाण्याची सगळी भाषा तिथून येते. गावातल्या दहा विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिही. हद्दीपलीकडच्या गावात अशीच वही ठेवणारं कुणी मिळतंय का बघ. मिळालं, तर तुझ्या अर्जात लिहायला जगातल्या कुठल्याही उमेदवाराकडे नसलेली गोष्ट तुझ्याकडे असेल.

तू शेवटी लिहिलं आहेस की आत्ता नाही म्हटलं तर संधी कायमची जाईल अशी भीती वाटते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली नाव घातलेला एक मुलगा १९१६ मध्ये लंडनला शिकायला पोचला, महायुद्ध चालू होतं, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्याला अर्ध्यावर परतावं लागलं. पुस्तकं दुसऱ्या बोटीने येत होती, ती बोट बुडवली गेली. पण निघताना बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून एक गोष्ट लेखी घेतली होती: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी. मुंबईत नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी आणि एका मित्राने हातभार लावला, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली.

तूही लेखीच माग. डिपॉझिट भरू नकोस. प्रवेश विभागाला या आठवड्यातच मेल कर: आर्थिक कारणामुळे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मिळावा, आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी माझा विचार व्हावा. बरीच विद्यापीठं एक वर्ष देतात. मसुदा मला पाठव, मी बघून देते. आणि रविवारी आप्पांना घेऊन सांगलीला ये, हप्त्याचा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडू. तो माझ्याकडून ऐकला तर त्यांना वाईट वाटणार नाही.